फिल्म सोसायटीत नवे आहात? सिनेमा नका निवडू, मालिका निवडा

“सिनेमाला जाऊ या,” असं घरात कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “कुठला?” फिल्म सोसायटीचे, म्हणजे सभासदांना चित्रपट दाखवणाऱ्या मंडळाचे, जुने सभासद हा प्रश्न विचारत नाहीत. ते विचारतात, “किती दिवस आहे?” (विचारतात ते मालिकेबद्दल. टीव्हीवरची नव्हे, ओळीने काही संध्याकाळी दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांची.) सोमवार ते शुक्रवार असं उत्तर आलं की त्या संध्याकाळची कामं पुढे ढकलायची, घरी सांगून ठेवायचं आणि मग सावकाश बघायचं की चित्रपट आहेत तरी कुणाचे.

हे मला कळलं ते फजिती होऊन. कॉलेजात असताना एका मित्राने मला जपानी सप्ताहाला ओढून नेलं. आम्ही पोचलो तो तिसरा दिवस. पडद्यावर एक म्हातारं जोडपं मुलांकडे टोकियोला निघालेलं. सगळं इतकं निवांत की मी सारखं घड्याळ बघत होतो. मग एक बाई पडद्यावर आली, हसली, आणि सभागृहातून एक हलका ‘अहा’ उमटला. लग्नाच्या मांडवात जवळचं माणूस अचानक दिसलं की उमटतो तसा. मला कळेना, हिच्यात एवढं काय आहे?

उलगडा झाला बाहेर चहाच्या टपरीवर. दिग्दर्शक होते यासुजिरो ओझू. त्यांच्या ‘लेट स्प्रिंग’ (१९४९), ‘अर्ली समर’ (१९५१) आणि ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) या तिन्ही चित्रपटांत सेत्सुको हारा ही नटी नोरिको नावाच्या बाईची भूमिका करते, पण त्या तीन नोरिको तीन वेगळ्या बायका आहेत. चिशू ऱ्यू हा नट पहिल्यात तिचा बाप, दुसऱ्यात भाऊ आणि तिसऱ्यात सासरा. सोमवार-मंगळवार येऊन बसलेल्यांना ती घरातली वाटत होती. मी पंगत उठल्यावर पोचलेला पाहुणा होतो.

तुमची पंगत चुकू नये म्हणून ही माहिती. उदाहरणं पुण्या-मुंबईची आहेत, कारण मला तिथलं ठाऊक आहे.

आधी जागा शोधा

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. स्थापना १९६४ची, २०२२पासून ते एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या छत्राखाली आलं, पण जुनी माणसं अजून ‘अर्काइव्ह’च म्हणतात. रिक्षावाल्याला मात्र ‘अर्काइव्ह’ सांगून उपयोग नाही, रस्त्याचं नाव सांगा. संग्रहालयाचे स्वतःचे कार्यक्रम असतात आणि आशय फिल्म क्लबसारख्या संस्थांचे खेळही तिथे होत आले आहेत. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८पासून काम करतंय. दोन्ही शहरांत मॅक्सम्युलर भवन आणि अलियाँस फ्राँसेज आहेत. जर्मन किंवा फ्रेंच चित्रपट बघायचे असतील तर ही दोन दारं आधी ठोठवा.

या खेळांच्या जाहिराती चौकात लागत नाहीत. वर्तमानपत्रातला ‘शहरात आज’ छापाचा बारीक टाइपातला रकाना वाचायची सवय लावा. व्याख्यान, भजनसंध्या आणि योगवर्ग यांच्यामध्ये कुठेतरी एका ओळीत चित्रपटाचं नाव सापडतं. त्याहून सोपं म्हणजे एकदा प्रत्यक्ष जाऊन दारातल्या टेबलावर बसलेल्या कार्यकर्त्याला सांगा, “मला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घ्या.” आजकाल वेळ बदलल्याचा निरोप तिथेच आधी येतो.

सभासद व्हा

नवख्या माणसाला इथे धक्का बसतो. तिकीट नसतं, सभासदत्व असतं. फॉर्म, फोटो, ओळखपत्राची प्रत, वर्षाची वर्गणी, की मिळालं कार्ड. “आजच्यापुरतं एक तिकीट द्या ना,” अशी हुज्जत घालणारे दर खेळाला दोन तरी असतात. टेबलावरच्या बिचाऱ्याचा त्यात दोष नसतो.

या नियमाला कारण आहे. कोलकात्यात १९४७ साली सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी फिल्म सोसायटी काढली. पुढे देशभरातल्या अशा मंडळांचा महासंघ १९५९ साली झाला आणि राय त्याचे पहिले अध्यक्ष. या मंडळांत दाखवले जाणारे परदेशी चित्रपट बहुतेक वेळा सेन्सॉर बोर्डाकडे गेलेले नसतात. खेळ सार्वजनिक नाही, फक्त सभासदांसाठी आहे, या अटीवर ती सूट मिळत आली आहे. म्हणजे चित्रपट न कापता बघायला मिळतो तो तुमच्या कार्डामुळे. वयाची अठरा वर्षांची अटही याच कारणाने. गावाहून आलेल्या भाच्याला ऐन वेळी बरोबर घेऊन जाऊ नका, आधी विचारा. काही मंडळं पाहुण्यांचा पास देतात, काही देत नाहीत.

वर्गणीचं म्हणाल तर, माझ्या मंडळाची वर्षाची रक्कम मल्टिप्लेक्सच्या एका चौघांच्या फेरीत संपते. पॉपकॉर्न धरून.

पत्रिका वाचायला शिका

महिन्याची कार्यक्रमपत्रिका हातात आली की त्यात नटनट्यांचे फोटो शोधू नका. तिथे साधारण अशी ओळ असते: टोकियो स्टोरी / ओझू / जपान / १९५३ / कृष्णधवल / १३६ मि. / इंग्रजी सबटायटल्स. या ओळीतला प्रत्येक तुकडा कामाचा आहे.

मिनिटांकडे आधी बघा, कारण *मध्यंतर नसतं.* हे वाक्य मी ठळक अक्षरात छापून दारावर लावायला तयार आहे. परदेशी चित्रपट मध्ये थांबण्यासाठी बांधलेलेच नसतात, आणि फिल्म सोसायटी ते तोडत नाही. १३६ मिनिटं म्हणजे सव्वादोन तास सलग. साडेसहाचा खेळ असेल तर सहाला काहीतरी खाऊन घ्या, पाणी बेताने प्या, आणि मधुमेह असेल तर खिशात काहीतरी ठेवा. मात्र वेष्टन आधीच सोडून ठेवा. शांत प्रसंगात बिस्किटपुड्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो.

साल बघून पडदा कसा दिसेल याचा अंदाज येतो. १९५०च्या आधीचा चित्रपट जवळजवळ चौकोनी दिसेल, दोन्ही बाजूंना काळे पट्टे असतील. नवे लोक उठून सांगतात, “अहो, पडदा अर्धाच भरलाय.” तो तसाच असतो. रुंद पडदा १९५०च्या दशकात रुळला. त्याआधीच्या चित्राला ताणून बसवलं तर माणसं जाडजूड दिसतील. मूकपटात लोक तुरुतुरु पळताना दिसले तर तेही नटांचं कसब नव्हे. पुष्कळ मूकपट सेकंदाला चोविसापेक्षा कमी चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रित व्हायचे आणि आता चोविसाने चालवले की सगळ्यांना घाई होते.

‘रिस्टोअर्ड’ असं लिहिलं असेल तर तो खेळ सोडू नका. जुनी फिल्म चौकट-चौकट स्कॅन करून, ओरखडे काढून, रंग आणि आवाज नीट करून नवी प्रत केलेली असते. जुनी फिल्म किती नाजूक, हे पुणेकरांना सांगायला नको. १९५०च्या आसपासपर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म भडकन पेटते, आणि २००३च्या जानेवारीत पुण्यातला असाच साठा आगीत गेला. तेव्हा चांगली प्रत पडद्यावर येणं ही नशिबाची गोष्ट आहे. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमकला तर दचकू नका. रीळ संपत आल्याची ती प्रोजेक्टरवाल्याला खूण असायची, आणि काही डिजिटल प्रतींतही ती राहून गेली आहे.

आता मालिका निवडा

मालिका ढोबळमानाने चार प्रकारच्या येतात. एका दिग्दर्शकाचं सिंहावलोकन (त्याचेच चित्रपट ओळीने), एका देशाचा सप्ताह, कुणाच्या निधनानंतरची आदरांजली, आणि एखाद्या विषयावर गुंफलेली मालिका: ‘बालपण’, ‘नदी’, ‘शहर’ वगैरे. माझं मत विचाराल तर सुरुवात सिंहावलोकनाने करा. देशाचा सप्ताह दुसऱ्या नंबरावर. विषयांच्या मालिका नव्या सभासदाने निदान पहिल्या वर्षी सोडून दिल्या तरी चालतील. त्यात आयोजकांनी काय काय पाहिलंय ते कळतं, तुम्ही काय बघायचं ते नाही. (आमच्या मंडळातले दोघे-तिघे हे वाचून चिडतील. विषयांच्या मालिका तेच बसवतात.)

सिंहावलोकन का, हे इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यांच्या तीन चित्रपटांवरून सांगतो. पहिला १९८७चा. एक शाळकरी मुलगा चुकून मित्राची वही घरी आणतो. उद्या वही नसेल तर मास्तर मित्राला शाळेतून काढतील, म्हणून तो ती परत करायला शेजारच्या गावी धावत सुटतो. एवढीच गोष्ट. टेकडीवरून जाणारी एक नागमोडी पायवाट, तिच्यावरून पळणारं पोरगं. १९९०मध्ये इराणच्या त्याच भागात मोठा भूकंप झाला. १९९२च्या दुसऱ्या चित्रपटात एक दिग्दर्शक आपल्या लहान मुलाला गाडीत घालून निघालाय, पहिल्या चित्रपटात काम केलेली पोरं जिवंत आहेत का ते बघायला. १९९४चा तिसरा चित्रपट तर त्या दुसऱ्या चित्रपटातल्या एका छोट्या प्रसंगाचं शूटिंग चालू असताना घडतो: नवराबायकोचं काम करणाऱ्या दोघांपैकी मुलाला त्या मुलीशी खरंच लग्न करायचंय, आणि ती त्याच्याशी बोलतही नाही.

यातला तिसरा तुम्ही एकटा पाहिलात तर एक गोड, थोडा लांबलेला सिनेमा वाटेल. तिन्ही ओळीने पाहिलेत तर ती नागमोडी वाट पुन्हा दिसल्यावर पोटात तुटतं. दिग्दर्शक यात काहीच समजावून सांगत नाही. समज तुमच्याकडे आधीच्या दोन संध्याकाळींतून आलेली असते.

म्हणून पाच दिवसांची मालिका असेल आणि तुम्हाला तीनच दिवस जमणार असतील, तर पहिले तीन सलग बघा. ‘गाजलेले’ तीन वेचू नका. राय यांची अपूची त्रयी (१९५५, १९५६, १९५९) लागली तर तिथेही तेच. पहिल्याचं नाव इतकं झालंय की लोक तो बघून घरी बसतात, आणि मोठा झालेला अपू त्यांना कधी भेटतच नाही.

देशाच्या सप्ताहाला जाताना एक जोड लावून बघा. युद्धोत्तर इटलीचे चित्रपट असतील तर त्याच आठवड्यात घरी ‘दो बिघा जमीन’ लावा. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ साली मुंबईत सुरू झाला, त्यात ‘बायसिकल थीव्ज’ हा इटालियन चित्रपट दाखवला गेला, आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’मधला बिमल रॉय यांचा शंभू महतो कोलकात्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढू लागला. दोन्हीत बापलेक शहराच्या गर्दीत भाकरी शोधतायत. आपल्या ओळखीचा चित्रपट शेजारी ठेवला की परका चित्रपट लवकर जवळ येतो.

कुठे बसायचं

सबटायटल्स पडद्याच्या तळाशी येतात. बऱ्याच सभागृहांचा उतार बेताचा असतो, त्यामुळे पुढच्या माणसाचं डोकं नेमकं अक्षरांवर येतं. मधल्या रांगांत, शक्यतो कडेची खुर्ची धरा. मान किंचित तिरकी केली की वाचता येतं, आणि खोकला आला तर कुणाचे गुडघे न तुडवता बाहेर जाता येतं. चष्मा विसरलात तर पुढून चौथी रांग.

इंग्रजी भराभर वाचायची सवय नसेल तर पहिली वीस मिनिटं जड जातात. प्रत्येक शब्द वाचायचा हट्ट सोडा. वाक्याचा रोख कळला की नजर वर चेहऱ्याकडे न्या. माझी आई इंग्रजी जेमतेम वाचायची. दोन सप्ताह माझ्याबरोबर आली आणि तिसऱ्यात म्हणाली, “ती बाई खोटं बोलतेय हे मला तू सांगायची गरज नाही, खाली काय लिहायचं ते लिहू देत.” तिचं बरोबर होतं.

वेळेआधी दहा मिनिटं पोचा. सुरुवातीला कुणीतरी चार शब्द बोलतं. ते कंटाळवाणं असू शकतं, पण मालिकेचा क्रम असाच का लावला, हे तिथेच कळतं. जाण्याआधी ट्रेलर बघू नका, कथा वाचू नका. दिग्दर्शकाचं नाव आणि देश एवढं पुरे. मोबाइल सायलेंट नव्हे, बंद. वाजत नसला तरी त्याचा उजेड अंधारात मागच्या सहा रांगांना दिसतो.

कंटाळा आला तर

येणार. मलाही येतो. ओझूंचा कॅमेरा बहुतेक वेळ जमिनीपासून हातभर उंचीवर, पाटावर बसलेल्या माणसाच्या नजरेत असतो, आणि तिथून हलत नाही. माणसं खोलीतून निघून गेली तरी रिकामी खोली दिसत राहते. पहिल्या दिवशी वाटतं, एडिटर झोपलाय का? तिसऱ्या दिवशी त्या रिकाम्या खोलीत कोण नाही ते तुम्ही बघू लागता. हा बदल घरी मोबाइलवर होत नाही, कारण तिथे अंगठा दहा सेकंद पुढे ढकलतो.

झोप लागली तर लागू द्या, घोरू नका. शेजारच्याने कोपर मारलं तर आभार माना. चित्रपट खरोखरच सहन होत नसेल तर अर्ध्या तासानंतर अंधाऱ्या प्रसंगात वाकून बाहेर पडा; त्यात अपमान कुणाचाच नाही. पण दुसऱ्या दिवशी या. मालिकेतला एक चित्रपट आवडला नाही म्हणून कार्ड खणात टाकणारे सभासद मी पुष्कळ पाहिलेत.

चर्चा आणि वही

खेळानंतर कधी चर्चा असते. ‘प्रश्न विचारतो’ म्हणून उभं राहून पाच मिनिटं स्वतःची कथा सांगणारे गृहस्थ प्रत्येक मंडळात असतात. तुम्ही ते होऊ नका. एक प्रसंग धरून विचारा: “तो दिवा विझल्यावर इतका वेळ अंधार का ठेवला?” असा प्रश्न आला की जाणकार खुलतात. बोलायचा संकोच असेल तर टपरीवर थांबा. खरी चर्चा तिथेच होते, आणि उधारीवरही चालते.

एक छोटी वही करा. तारीख, चित्रपट, दिग्दर्शक, आणि डोक्यात राहिलेली एक चौकट, एवढंच. मत लिहू नका, मतं बदलतात. वर्षाने वही चाळताना लक्षात येतं की कथा विसरलोय, पण वळणावरचं झाड आठवतंय. याहून शिस्तीत शिकायचं असेल तर रसास्वाद शिबिरं असतात. प्रा. सतीश बहादूर यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये हा विषय रुजवला, आणि इन्स्टिट्यूट व संग्रहालय यांचा उन्हाळ्यातला अभ्यासक्रम आजही लोक रजा टाकून करतात.

महोत्सव, पण वर्षभराने

पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे ‘पिफ’, २००२ साली सुरू झाला, साधारण जानेवारीत असतो. भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव ‘इफ्फी’ २००४पासून गोव्यात, पणजीला, बहुधा नोव्हेंबरात. दोन्हीकडे आधी नोंदणी करावी लागते. पहिल्याच वर्षी तिकडे धावू नका, असा माझा सल्ला. महोत्सवात दिवसाला पाच खेळ असतात, आणि नवा माणूस पाचही बघतो. तिसऱ्या दिवशी पोलंडच्या चित्रपटातली आजी त्याला कोरियाच्या चित्रपटात शोधावीशी वाटते. दिवसाला तीन पुरे. कॅटलॉग आला की सिंहावलोकनाचा विभाग आधी खुणा करून घ्या, स्पर्धेतले चित्रपट उरलेल्या जागी बसवा. दोन खेळांत किमान पाऊण तास ठेवा, कारण पुढच्या खेळाची रांग आधीचा सुटण्याच्या आत लागलेली असते. गोव्यात थिएटरं एकाच आवारात नसतात, तेव्हा चालण्याचा वेळही धरा.

गावात मंडळच नसेल तर

पंधरा-वीस माणसं जमली की मंडळ सुरू करता येतं. फिल्म सोसायट्यांच्या महासंघाच्या पश्चिम विभागाशी पत्रव्यवहार करा, सभासदत्वाची पद्धत आणि चित्रपट कुठून मिळतात ते तिथे कळेल. परदेशी सांस्कृतिक केंद्रं चित्रपट देतात. पेन ड्राइव्हवर कुणीतरी आणलेली प्रत चालवू नका, दाखवण्याचे हक्क लेखी घ्या. पहिलीच मालिका तीन चित्रपटांची ठेवा, एकाच दिग्दर्शकाची, तीन शनिवार ओळीने. शाळेचा हॉल मिळाला तर दुपारीच जाऊन खिडक्या बघून या. वरच्या झरोक्यांना काळं कापड लावायचं राहून जातं, आणि साडेसहाच्या खेळाला उन्हाळ्यात पहिला अर्धा तास पडद्यावर फक्त सबटायटल्स दिसतात.